खापरं वाचायची आहेत? मग कुंभाराकडे काय बघायचं आणि कोणत्या क्रमानं

पुरातत्त्वाच्या एम.ए.चे प्रबंध चाळताना दर वर्षी दोन-तीनांत तरी कुंभारवाड्यावरचं एक प्रकरण सापडतं. चाकाचा फोटो, आव्याचा (भांडी भाजायला रचलेल्या उघड्या ढिगाचा) फोटो, कुंभारकाकांचा हसरा फोटो. पुढच्या प्रकरणात उत्खननातली खापरं. दोघांची गाठ कुठेच पडत नाही. पडलीच तर ती अशी: ‘आजचे कुंभार असं करतात, म्हणजे ताम्रपाषाण काळातही असंच करत असावेत.’

हे वाक्य टिकत नाही. जोर्वे ही दख्खनची ताम्रपाषाण काळातली, म्हणजे तांबं आणि दगड दोन्ही वापरणारी संस्कृती; तिचा काळ इ.स.पू. सुमारे १४०० ते ७००. त्या लोकांपासून आजच्या कुंभारांपर्यंत परंपरा अखंड चालत आली, असा पुरावा कोणाकडेही नाही. मधल्या अडीच-पावणेतीन हजार वर्षांत चाकं बदलली, माणसं स्थलांतरित झाली, भांड्यांचे उपयोग बदलले. बदलला नाही तो मातीचा स्वभाव. ओल्या मातीवर थापटण्याचा (ठोकायच्या लाकडी फळीचा) घाव बसला की जो सपाट डाग उमटतो, तो तेव्हाही तसाच उमटत होता. कुंभाराकडून आणायची गोष्ट ती आहे: कोणत्या कृतीमुळे कोणती खूण राहते. पुढचे सगळे टप्पे त्याच एका कामासाठी आहेत. उदाहरणं बहुतेक दख्खनची देते, कारण माझं काम इथलं आहे.

टप्पा १ : आधी खापरं, कुंभार नंतर

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, कारण हा टप्पा लोक गाळतात. कुंभारवाड्यात जायच्या आधी किमान दोन आठवडे खापरांच्या ट्रेपाशी बसा. काठ, मान, खांदा, पोट, बूड असे ढीग वेगळे करा. मग प्रत्येक ढिगातलं तुम्हाला न कळलेलं काय ते लिहा. कळलेलं लिहू नका, त्याचा इथे उपयोग नाही.

‘जोर्वे मृद्भांडी कशी बनवत?’ हा प्रश्न नाही, तो विषय झाला. प्रश्न असा हवा: ‘या घड्यांच्या मानेवर आतून समांतर रेघा आहेत, पण पोटाच्या खापरांवर त्या नाहीत, उलट बोटभर खोलगट डाग आहेत. ही दोन वेगळ्या पद्धतींची भांडी आहेत, की एकाच भांड्याचे दोन भाग?’ हा प्रश्न घेऊन गेलात तर कुंभाराच्या अंगणात पहिल्या तासातच डोळे उघडतात.

मी स्वतः हा प्रश्न न घेता गेले होते. त्याआधी एका संग्रहातली पोटाची खापरं ‘हाती घडवलेली’ आणि काठाची ‘चाकावरची’ अशा दोन रकान्यांत मोजून टक्केवारीही काढली होती. टप्पा ५ मध्ये त्याचं काय झालं ते सांगते.

तीन ते पाच प्रश्न पुरेत. प्रत्येक प्रश्नाखाली लिहा: उत्तर ‘हो’ असेल तर कुंभाराकडे मला काय दिसलं पाहिजे? ‘नाही’ असेल तर काय? ‘नाही’चा रकाना रिकामा राहिला तर तो प्रश्न टाकून द्या.

*सावधान:* टेकाडावर दिसलेली खापरं पिशवीत भरून आणू नका. संरक्षित स्थळांना १९५८चा प्राचीन स्मारके आणि पुरातत्त्वीय स्थळे व अवशेष कायदा लागू आहे. इतर ठिकाणीही वरवर पडलेलं खापर उचललं की त्याची जागा हरवते आणि त्याचा निम्मा अर्थ जातो. महाविद्यालयाच्या किंवा संग्रहालयाच्या नोंद झालेल्या संग्रहावर काम करा. खापर फोडून किंवा कापून चाचणी करायची असेल तर वेगळी लेखी परवानगी घ्या.

टप्पा २ : कोणता कुंभार, कोणता महिना

जवळचा कुंभारवाडा सोयीचा पडतो, पण तुमच्या प्रश्नाला तो उपयोगी असेलच असं नाही. प्रश्नाप्रमाणे निवड करा.

प्रश्न मातीचा असेल तर कुंभार स्वतः माती आणणारा हवा. शहरातल्या बऱ्याच वस्त्यांत माती ट्रकनं येते, कधी दुसऱ्या जिल्ह्यातून. धारावीच्या कुंभारवाड्यातली बरीच कुटुंबं मुळात सौराष्ट्रातून आलेली. त्यांच्या पद्धतींचा अभ्यास जरूर करा, पण ‘दख्खनचा कुंभार मातीसाठी किती लांब जातो’ याचं उत्तर तिथे मिळणार नाही. अमेरिकन मानवशास्त्रज्ञ डीन अरनॉल्ड यांनी जगभरच्या नोंदी एकत्र करून दाखवलं की बहुतेक कुंभार मातीसाठी सात किलोमीटरच्या आतच जातात आणि बरेच जण तर एक किलोमीटरच्या आत. हा आकडा पायी किंवा जनावरावर माती आणणाऱ्यांचा आहे. टेम्पो आला की तो लागू पडत नाही.

प्रश्न घडवण्याचा असेल तर चाक आणि थापटणं दोन्ही वापरणारं घर शोधा. साच्यात पणत्या आणि कुंड्या काढणारं घर चालणार नाही. विजेच्या चाकानं फारसं बिघडत नाही, पण फिरण्याचा वेग सारखा राहतो, दांड्यानं फिरवलेल्या जड चाकासारखा हळूहळू उतरत नाही. ते नोंदीत लिहा.

प्रश्न भाजण्याचा असेल तर उघडा आवा लावणारं घर आणि भिंतींची भट्टी असलेलं घर, अशी दोन तरी हवीत.

आता महिना. पावसाळ्यात काम जवळपास थांबतं. माती वाळत नाही, आवा पेटत नाही. दिवाळीआधी पणत्यांची घाई, तेव्हा कोणाला तुमच्याशी बोलायला वेळ नसतो. संक्रांतीची सुगडं पौषात, माठ फाल्गुनापासून, अक्षय्य तृतीयेला पितरांच्या घागरी, नवरात्राचे घट. घरातून काय बाहेर पडतं ते महिन्यागणिक बदलतं. एकाच महिन्यात जाऊन ‘हा कुंभार ७० टक्के पणत्या बनवतो’ असं लिहिणं म्हणजे ऑक्टोबरात मिठाईवाल्याकडे जाऊन ‘हे लोक फक्त चकल्या करतात’ असं लिहिण्यासारखं आहे. वर्षातून निदान तीन फेऱ्या ठेवा: माती आणायची, माठांची, सणाची.

*तपासा:* टप्पा १ मधला प्रत्येक प्रश्न या घरात, या महिन्यात सुटू शकतो का? एखादा सुटत नसेल तर त्याच्यासाठी दुसरं घर शोधा. प्रश्नच बदलून मोकळे होऊ नका.

टप्पा ३ : परवानगी आणि पैसे

थोडक्यात सांगते. पहिल्या फेरीत कॅमेरा काढू नका. काय करायचं आहे, कशासाठी, छापलं तर नाव घालायचं की नाही, हे घरातल्या सगळ्यांना सांगा, फक्त चाकावर बसणाऱ्याला नाही. बऱ्याच घरांत माती मळणं, लेप देणं, रंगवणं हे काम बायकांचं असतं. ‘काका हो म्हणाले’ म्हणून काकूंचा व्हिडिओ काढायचा नसतो. अर्धवट भांडं मोडायला मागाल तेव्हा पुऱ्या भांड्याचे पैसे द्या. दिवसभर कामाचा खोळंबा केलात तर दिवसाची मजुरी द्या. भाव करू नका.

जात विचारण्याची घाई करू नका. कुंभार हा गावगाड्यातला बलुतेदार होता, धान्याच्या बदल्यात भांडी पुरवत होता. भांडी किती गावांत पसरायची हे त्या हक्कावर ठरायचं, म्हणून ही माहिती तुम्हाला लागणार आहे. पण ती तिसऱ्या-चौथ्या भेटीत, जुन्या माणसांच्या गप्पांतून येते. फॉर्म भरून घ्यायला गेलात तर येत नाही.

टप्पा ४ : माती

मातीचे नमुने तीन ठिकाणचे घ्या: खाणीतली, घरी आणून भिजवलेली, आणि चाकावर चढायच्या क्षणाची. पहिल्या दोनांत आणि तिसरीत फार फरक असतो, कारण मधे चाळणं, मळणं आणि मिसळण येतं. खापरात तुम्हाला फक्त तिसरी दिसते. ओढ्याकाठचा नमुना घेऊन त्याची खापराशी तुलना करणं ही नेहमीची चूक आहे.

काळ्या कपाशीच्या मातीची चिकण फार आकसते आणि वाळताना तडकते. म्हणून कुंभार गाळाची माती घेतात, दोन माती मिसळतात, त्यात राख, लीद, वाळू, भुसा घालतात. इथे एक गोष्ट ध्यानात ठेवा: कारण विचारलं की उत्तर मिळतं ‘बापानं घातलं म्हणून’. तेही खरंच असतं, पण आपल्या कामाचं नसतं. प्रश्न उलटा टाका.

‘काका, लीद नाही घातली तर?’

‘वाळतानाच तडकंल. नाय तडकलं तर आव्यात फुटंल. आन् त्यातनंबी वाचलं तर माठात पानी गार व्हायचं न्हाई, ताई.’

एका उत्तरात तीन परिणाम मिळाले: वाळतानाचा, भाजतानाचा आणि वापरातला. लीद जळून गेल्यावर जी बारीक छिद्रं राहतात त्यांतून पाणी झिरपतं आणि बाष्पीभवनानं माठ गार होतो. उत्खननातल्या खापराच्या ताज्या तुटीवर अशी लांबट पोकळ छिद्रं दिसली तर वनस्पतीजन्य मिसळण होती, इथपर्यंत ठामपणे म्हणता येईल. ‘हे पाण्याचं भांडं होतं’ असं मात्र म्हणता येणार नाही, कारण तीच लीद तडकू नये म्हणूनही घालतात. दोन कारणांना एकच खूण असेल तर दोन्ही लिहा.

घरच्या घरी करायच्या दोन चाचण्या:

आकसण्याची पट्टी. तयार मातीची पट्टी लाटा, त्यावर बरोबर १० सेंटिमीटरची रेघ कोरा. वाळल्यावर मोजा, भाजल्यावर पुन्हा मोजा. ९.२ भरली तर ८ टक्के आकसली. प्रत्येक मातीच्या पाच पट्ट्या करा, एकीवर भरवसा ठेवू नका. खापराच्या काठाचा व्यास मोजताना हा आकडा लागतो: भाजलेलं भांडं ओल्या भांड्याइतकं मोठं नसतं.

चुना. तुटीवर पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाचा एक थेंब टाका, हातमोजे घालून. फसफसलं तर चुनखडी आहे. चुनखडीचा खडा भाजण्यात चुना होतो, मग हवेतली ओल पिऊन फुगतो आणि चार-आठ दिवसांनी भांड्याच्या अंगावरचा टवका उडवतो. कुंभार म्हणूनच खडे वेचतात. थेंब ताज्या तुटीवरच टाका. जमिनीत पडून राहिलेल्या खापरावर वरून चुन्याचा थर चढलेला असतो.

*सावधान:* खापराचा पातळ काप करून सूक्ष्मदर्शकाखाली खनिजं पाहायची आणि त्यावरून भांडं कुठलं हे ठरवायचं, हा मोह दख्खनमध्ये आवरा. दख्खनचा बेसाल्ट सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरला आहे. फेल्डस्पार, ऑजाइट, लोहाची खनिजं नाशिकच्या मातीत मिळतील आणि सोलापूरच्याही. ‘स्थानिक माती’ एवढं म्हणाल, पण कोणत्या गावची ते खनिजांवरून सहसा कळत नाही. कोकणच्या जांभ्याच्या पट्ट्यातलं किंवा विदर्भाच्या पूर्वेकडच्या ग्रॅनाइट-नाइसच्या भागातलं भांडं दख्खनमध्ये आलं असेल तर ते मात्र ओळखू येईल.

टप्पा ५ : घडवणं

इथे वेळ घालवा. एका भांड्याचा पूर्ण प्रवास बघायचा, पाच भांड्यांचे पाच तुकडे नाहीत.

माठाचं उदाहरण घेऊ. चाकावर जे उतरतं ते माठासारखं दिसतच नाही. जाड भिंतीचा, बुटका, तळ उघडा किंवा जाडसर असलेला नळा असतो. काठ आणि मान मात्र पूर्ण झालेले. तो दोऱ्यानं कापून सावलीत ठेवतात. काठ वाळून थोडा घट्ट झाल्यावर खरं काम सुरू होतं: आतून गोटा धरायचा, बाहेरून लाकडी थापटण्यानं ठोकायचं. भिंत पातळ होत जाते, पोट फुगतं, बूड मिटून गोल होतं. मधे पुन्हा वाळवण, पुन्हा थापटणं. राखेत हात बुडवून गोटा घासला जातो, म्हणजे माती चिकटत नाही.

यात चाकाच्या सगळ्या खुणा पोटावरून आणि बुडावरून पुसल्या जातात. दोऱ्यानं कापल्याचे वेटोळेही जातात. राहतात त्या फक्त मानेवर आणि काठावर. म्हणजे माझे ‘हाती घडवलेले’ आणि ‘चाकावरचे’ हे दोन रकाने एकाच भांड्याचे वरचा आणि खालचा भाग होते. काढलेली टक्केवारी तंत्राची नव्हतीच. एका माठाची पोटाची किती खापरं होतात आणि काठाची किती, त्याचा तो हिशेब होता. सगळा तक्ता फाडून पुन्हा करावा लागला.

याची दुसरी बाजूही आहे. समांतर रेघा दिसल्या म्हणजे गोळ्यातून चाकावर ओढून काढलेलं भांडं, असंही नाही. मातीच्या वळ्या एकावर एक रचून भांडं उभं करायचं आणि मग चाकावर फिरवून ते घोटायचं, अशी पद्धत आहे आणि तिच्याही रेघा समांतरच येतात. फ्रेंच संशोधक वॅलेंटिन रू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतातल्या कुंभारांबरोबर बरंच काम करून हा फरक नीट दाखवला आहे. तो पृष्ठभागावर सहसा दिसत नाही. तुटीच्या कडेवर, वळ्यांच्या सांध्यांत आणि जाडीच्या चढउतारांत शोधावा लागतो.

नोंद कशी करायची:

क. प्रत्येक टप्प्याला एक भांडं विकत घेऊन ‘गोठवा’. चाकावरून उतरलेलं एक, पहिल्या थापटण्यानंतरचं एक, दुसऱ्यानंतरचं एक, लेप दिलेलं एक, भाजलेलं एक. बुडावर ओल्या मातीतच खिळ्यानं क्रमांक कोरा. शाईचा क्रमांक आव्यात जातो.

ख. व्हिडिओबरोबर वेळही लिहा: चाकावर किती मिनिटं, वाळवण किती तास, ऊन की सावली. थापटणं कोणाच्या हातात आहे तेही लिहा. काही घरांत चाक पुरुष चालवतो आणि थापटतं दुसरंच कोणी. मग एका माठावर दोन माणसांचे हात असतात.

ग. खुणांचे फोटो बाजूनं पडणाऱ्या प्रकाशात काढा. सकाळचं कोवळं ऊन किंवा तिरपा धरलेला टॉर्च. समोरून फ्लॅश मारलात तर गोट्याचे खोलगट डाग दिसतच नाहीत.

घ. बिघडलेली भांडी मागून घ्या. तिरकं झालेलं, काठ फाटलेलं, बुडात चीर गेलेलं. उत्खननाच्या खड्ड्यात नवशिक्याचं भांडं सापडलं तर ते ओळखायला हेच नमुने लागतात.

शब्दही टिपा, जसेच्या तसे. त्या घरात थापटण्याला, गोट्याला, आव्याच्या थरांना काय म्हणतात? तालुका बदलला की शब्द बदलतात. पुस्तकातला शब्द त्यांच्या तोंडी घालू नका. आणि भांड्यांची नावं विचारताना आकारावरून विचारू नका, भांडं पुढे ठेवून विचारा. तुम्हाला सारखी वाटणारी दोन गाडगी त्यांच्या लेखी दोन वेगळी भांडी असू शकतात, एक दुधाचं आणि एक अंत्यविधीचं.

*तपासा:* पाच गोठवलेली भांडी फोडा. प्रत्येकाची खापरं मोजा, वजन करा, काठ-पोट-बूड वेगळे करा. एका माठाची काठाची खापरं किती निघाली आणि पोटाची किती? हे प्रमाण हाती आल्याशिवाय उत्खननाच्या खापरांची टक्केवारी लिहू नका.

टप्पा ६ : भाजणं

आवा रचताना तिथे हजर राहा, पेटवल्यावर पोचून उपयोग नाही. कोणतं भांडं कोणत्या थरात, तोंड खाली की वर, शेजारी गोवऱ्या की लाकूड, वरून काय झाकलं, याचा आराखडा काढा. भांड्यांचे क्रमांक आराखड्यावर टाका.

वरून झाकायला बहुतेक जुनी खापरं वापरतात, त्यावर राख किंवा चिखल. तीच खापरं पुढच्या आव्याला पुन्हा, त्याच्या पुढच्यालाही. म्हणजे काही खापरं दहा-वीस वेळा भाजली जातात; वाकतात, काळी-लाल होतात, कधी काचेसारखी चकाकतात. उत्खननात अशी खापरं मिळाली की लगेच ‘गावाला आग लागली’ असं लिहून मोकळे होऊ नका. ती आव्याचं पांघरूण असू शकतात.

के-टाइप थर्मोकपल (जास्त तापमान मोजणारी तार) परवडत असेल तर तीन तरी लावा: तळाला, मध्यात, वरच्या थरात. उघड्या आव्यात साधारण ६०० ते ८५० अंश सेल्सिअस तापमान मिळतं, पण एकाच आव्यात दोन जागांत शंभराहून जास्त अंशांचा फरक पडतो. म्हणूनच ‘७५० अंशांवर भाजलं, म्हणजे भट्टी होती’ हे वाक्य निरर्थक आहे. त्या तापमानाला दोन्ही पोचतात. भट्टीत ताप हळू चढतो आणि जास्त वेळ टिकतो, हा खरा फरक, आणि तो काही प्रमाणात खापराच्या गाभ्यात दिसतो.

गाभा बघा. तुटीत मधे काळा पट्टा असेल तर सेंद्रिय कार्बन पूर्ण जळला नाही: वेळ कमी पडला, हवा कमी पडली किंवा भिंत जाड होती. काळ्या-लालाची हद्द चाकूनं कापल्यासारखी असेल तर भांडं गरम असतानाच उघड्या हवेत आलं. हद्द धूसर असेल तर ते आतच निवलं. आराखड्यातल्या क्रमांकांशी ताडून पाहा, किती वेळा अंदाज बरोबर येतो ते.

जुन्या खापराचं भाजण्याचं तापमान कळायला पुन्हा-भाजणी करतात. परवानगी असेल तर एकाच खापराचे छोटे तुकडे विद्युत भट्टीत ५० अंशांच्या पायऱ्यांनी भाजा, प्रत्येक पायरीला अर्धा तास. मूळ तापमानाच्या वर गेलं की रंग आणि आकसणं बदलायला लागतं. आधी हे कुंभाराच्या, थर्मोकपलनं मोजलेल्या भांड्यांवर करून पाहा. तिथे चूक किती येते ते कळलं म्हणजे जुन्या खापराच्या उत्तरापुढे किती ‘अधिक-उणे’ लिहायचं ते कळतं.

*सावधान:* इनामगाव या जोर्वे संस्कृतीच्या स्थळी, पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी, १९६८ ते १९८३ या उत्खननांत कुंभाराच्या भट्टीचे अवशेष मिळाले. ते नशीब सगळीकडे नसतं. आव्याची जागा पुढच्या वर्षी, पावसाळ्यानंतर जाऊन बघा आणि नकाशा काढा. एक करपलेला गोल, थोडी राख, विखुरलेली खापरं. ‘भट्टी मिळाली नाही, म्हणजे भांडी बाहेरून येत’ हे लिहिण्याआधी तो नकाशा समोर ठेवा.

टप्पा ७ : वापर, फूट, टाकणं

कुंभारापाशी थांबू नका, भांडं विकत घेणाऱ्याच्या घरी जा. खापर शेवटी तिथलं असतं.

घरात किती मातीची भांडी, प्रत्येक किती वर्षांचं, आधीचं कशानं फुटलं, फुटलेलं कुठे गेलं, हे विचारा. हिशेब असा करायचा: समजा घरात चुलीवरची चार भांडी आहेत आणि प्रत्येक वर्षभर टिकतं, धान्याचा एक रांजण आहे, तो वीस वर्षं टिकतो. वीस वर्षांत उकिरड्यावर ८० स्वयंपाकाची भांडी जातात आणि १ रांजण. कुठल्याही एका दिवशी घरात मात्र प्रमाण ४ ला १ असतं. उकिरड्यावरच्या प्रमाणावरून ‘लोक साठवण करत नसत’ असं म्हणणारे लेख मी वाचले आहेत.

चुलीवरच्या भांड्याची काजळी टिपा. तीन दगडांच्या चुलीवर ती कुठवर चढते, मातीच्या बंद चुलीवर कुठे थांबते, बूड भाजून लालसर झालंय का. जुन्या खापरांवर काजळीची अशी हद्द दिसली तर चूल कशी होती यावर दोन शब्द बोलता येतात.

फुटलेलं टाकतातच असं नाही. खापरात विस्तव नेतात, कोंबड्यांना पाणी ठेवतात, चुलीखाली टेकू देतात. पोरं ठिकरीसाठी गोल घासतात. गोल केलेल्या चकत्या उत्खननांत सर्रास मिळतात; भोक असेल तर चातीचं (सूत कातायच्या काडीचं) वजन असेल, नसेल तर खेळ, झाकण, मोजणीची सोंगटी, काहीही. कडा पाहा: ठोकून गोल केलेली कड खडबडीत असते, वापरून घासलेली गुळगुळीत. पोरांकडून दोन-चार ठिकऱ्या विकत घ्या. गोळ्या-चॉकलेट चालतात.

टप्पा ८ : परत खापरांपाशी

आता आंधळी चाचणी. कुंभाराच्या भांड्यांची खापरं, ज्यांचा सगळा इतिहास तुमच्या वहीत आहे, मिसळून टाका आणि फक्त सांकेतिक क्रमांक ठेवा. तुम्ही आणि एक सहकारी, दोघांनी न बोलता प्रत्येक खापराचं तंत्र, भांड्याचा भाग आणि आव्यातली जागा लिहा. मग वही उघडा. ज्या खुणेवर दोघंही चुकला, ती खूण जुन्या खापरांवर वापरायची नाही. कितीही आवडती असली तरी.

उरलेल्या खुणा घेऊन टप्पा १ च्या प्रश्नांकडे जा आणि चार रकान्यांचा तक्ता करा: जुन्या खापरावर काय दिसलं, कुंभाराकडे तीच खूण कशामुळे आली, तीच खूण आणखी कशामुळे येऊ शकते, दोहोंत फरक करायला काय तपासलं. तिसरा रकाना रिकामा असेल तर तो भरेपर्यंत लेख पाठवू नका. निष्कर्षाची भाषाही रकान्यांप्रमाणे ठेवा. तंत्राबद्दल ठाम बोला, कारण मातीचा नियम तोच आहे. कामाच्या व्यवस्थेबद्दल, म्हणजे कोण बनवत होतं, घरातले की पेशाचे, हात आखडता ठेवा. श्रद्धा आणि विधींबद्दल आजच्या कुंभारावरून काहीही सिद्ध होत नाही. जोर्वे लोक मेलेल्या लहान मुलांना दोन कुंभ तोंडाला तोंड लावून त्यांत पुरत. आज त्या कुंभांशी जुळणारा विधी कुंभारवाड्यात शोधत बसू नका.

एक गोष्ट मुद्दाम शेवटी ठेवायची: जुन्या खापरांचे फोटो, आणि परवानगी असेल तर खापरंच, कुंभाराला दाखवणं. हे आधी केलंत तर तो पुढे तुम्हाला बरं वाटेल असंच करून दाखवायला लागतो. शेवटी केलंत तर त्याचं मत म्हणजे आणखी एक साक्ष होते. ती साक्षीसारखीच नोंदवा: कोणी, कधी, काय पाहून सांगितलं. आणि दुसऱ्या घरच्या कुंभाराला तेच खापर, पहिल्याचं मत न सांगता, दाखवा.

आमच्या काकांनी एक पोटाचं खापर हातात घेतलं, आतल्या खळग्यात अंगठा बसवून पाहिला, थापटण्याचे डाग तिरपे धरून बघितले आणि म्हणाले, ‘ह्यो गडी डावखुरा हाय.’ मी हरखून गेले. मथळासुद्धा मनात तयार झाला. पंधरा दिवसांनी तेच खापर तीस किलोमीटरवरच्या दुसऱ्या कुंभाराकडे नेलं. त्यानं ते दोनदा फिरवलं. ‘उजवाच हाय की,’ तो म्हणाला. ‘पन मडकं मांडीवर उलटं घिऊन थापटलंय.’